मठ की सत्र, मुखवटा की सोंग?

प्रश्न असा आला आहे : ‘“आसाममधल्या माजुलीच्या मठांत तयार होणारे मुखवटे” असं वाचलं. तिकडचे मूळ शब्द सत्र आणि मुखा असे आहेत. मग मराठीत मठ आणि मुखवटा चालतील का?’

माझ्या मते मठ नको, सत्रच ठेवा. मठ म्हटलं की आपल्यापुढे संन्यासी उभे राहतात. माजुलीत ब्रह्मचारी भक्तांची सत्रं आहेत, पण मुखवट्यांसाठी नावाजलेलं, १६६३ साली स्थापन झालेलं सामगुरी सत्र गृहस्थांचं. तिथे ही कला बापाकडून मुलाकडे येते. शिवाय सत्र शब्द आपल्याला कुठे परका आहे? मूळ अर्थ बरेच दिवस चालणारा यज्ञ. भागवताच्या आरंभी शौनकादी ऋषी नैमिषारण्यात सत्राला बसले आणि तिथेच त्यांनी भागवत ऐकलं. ही सत्रं आसामचे वैष्णव संत शंकरदेव यांच्या परंपरेतली, आणि ती परंपरा भागवताचीच, तेव्हा नाव चपखल आहे. आपण मात्र त्याच शब्दाचं एकीकडे अधिवेशनाचं सत्र केलं आणि दुसरीकडे अन्नछत्र करून त्यात मिरपूड मागितली! फक्त ‘सत्रा’ लिहू नका. तो शेवटचा काना रोमन लिपीने चिकटवलेला आहे.

मुखवटा चालेल, पण जरा जपून. ‘मुखवटा गळून पडला’ म्हणताना आपल्या मनात लबाडी असते. माजुलीतला मुखा गौरीच्या मुखवट्याच्या जवळचा. सुगडावर मुखवटा बसला की ती गौर होते, तसा भाओनेत, म्हणजे तिथल्या भक्तिनाट्यात, मुखा चढला की गावातला माणूस रावण होतो.

अडचण येते ती ‘चो मुखा’पाशी. ‘मुख मुखा’ नुसता चेहऱ्यापुरता. चो मुख्यात मात्र डोक्याचा भाग वेगळा, धडाचा वेगळा, आणि नट आत शिरतो. त्याला मुखवटा कसं म्हणायचं? इथे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातला, म्हणजे तिथल्या मुखवटे चढवून नाचायच्या उत्सवातला, ‘सोंग’ शब्द कामी येतो. तिथे मुखवट्यालाही सोंग म्हणतात आणि तो चढवून नाचणाऱ्यालाही. मी तरी चो मुख्याला बिनदिक्कत सोंग म्हणेन.

घडवण्याच्या कामाला तर आपल्याकडे शब्दच शब्द आहेत. बांबू भिजवून त्याच्या कामट्या काढायच्या, टोपलीसारखा सांगाडा विणायचा, त्यावर कुंभारमातीत बुडवलेल्या कापडाचे थर द्यायचे, मग शेणमातीने नाक, भुवया, गाल उठवायचे. वाळलं की घासून गुळगुळीत करायचं आणि रंगवायचं. हे ‘शिल्पांकन’ वगैरे कशाला? विणणं, लिंपणं, घासणं पुरेसं आहे. सामगुरीच्या हेमचंद्र गोस्वामींनी (पद्मश्री, २०२३) जबडा हलणारे मुखवटे केले. त्याला ‘हलत्या जबड्याचा मुखवटा’ म्हणावं, ‘चलजबडी’ असलं काही घडवू नये.

आणि रंग? आसामीत ‘हेंगुल-हाइताल’. मोठ्याने म्हणून पाहा : हिंगूळ आणि हरताळ! पोथीत चुकलेल्या अक्षरावर जो पिवळा लेप देत, ज्यावरून आपण ‘नियमांना हरताळ फासला’ म्हणतो, तोच हा हरताळ. संपाचा हरताळ वेगळा, तो हाटाला लागलेल्या टाळ्यातून आला.