आधी पतसंस्थेची नोटीस बाहेर काढा

प्रश्न : मी ३९ वर्षांचा, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मशीन ऑपरेटर आहे. हातात ३१,००० रुपये पडतात. वडिलांची बायपास झाली तेव्हापासून कर्जावर कर्ज होत गेलं. बँकेच्या पर्सनल लोनचा हप्ता ९,२०० (दोन थकले). क्रेडिट कार्डाचे १,९०,००० थकलेत, मिनिमम ड्यूलाच महिना ८,००० लागतात. पतसंस्थेचं २ लाखांचं कर्ज, हप्ता ५,५०० (पाच थकले, साडू जामीनदार). मोबाइल ॲपची तीन कर्जं मिळून ६,०००. शिवाय ओळखीतल्या एका सावकाराकडून महिना शेकडा पाचनं ६०,००० घेतलेत. त्याला वीस महिने दरमहा ३,००० व्याज देतोय, माझे सही केलेले दोन कोरे चेक त्याच्याकडे आहेत. ॲपवाले रात्री दहाला बायकोच्या भावाला फोन करून वाट्टेल ते बोलतात. व्हॉट्सॲपवर 'अटक वॉरंट' पाठवलंय. पतसंस्थेची कलम १०१ची नोटीस आलीय, पण त्यांचा त्रास नाही म्हणून ती कपाटात ठेवलीय. एक जण १५ टक्के फी आगाऊ घेऊन सगळी कर्जं सेटल करून देतो म्हणतो. मला अटक होईल का? बायकोचं सोनं मोडू का? कधी कधी वाटतं, सगळं संपवून टाकावं.

उत्तर : पत्रातल्या शेवटच्या वाक्याबद्दल आधी बोलतो. आज रात्री तसं वाटलं तर १४४१६ या 'टेलिमानस'च्या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. घरात बायकोला अजून सगळा आकडा सांगितला नसेल, तर तो आजच सांगा. तुमच्या पत्रात असं एकही कर्ज नाही ज्याला कायद्यात वाट नाही. कसं ते सांगतो.

तुम्ही सांगितलेले हप्ते मी जोडले. महिन्याला ३१,७०० होतात, म्हणजे पगाराहून ७०० जास्त. घरभाडं, किराणा, वडिलांची औषधं या हिशेबात धरलेलीच नाहीत. सगळ्यांना वेळेवर देणं आता शक्य नाही हे एकदा मान्य करा. मग प्रश्न एवढाच उरतो की आधी कुणाला द्यायचं. आजवर तुम्ही जो जास्त ओरडतो त्याला आधी दिलंत. भीतीपोटी बहुतेक जण तेच करतात, आणि इथंच नुकसान होतं. कुणाच्या हातात कायद्याचं किती बळ आहे, त्यावर क्रम ठरवायचा. तसा क्रम लावला तर कपाटातली नोटीस सगळ्यात वर येते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या कलम १०१खाली पतसंस्थेला दिवाणी दावा लावावा लागत नाही. सहायक निबंधक किंवा उपनिबंधकांपुढे चौकशी होते आणि वसुली दाखला निघतो. तो एकदा निघाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. संस्थेचा वसुली अधिकारी जप्तीला येऊ शकतो, आणि तो तुमच्या दारात येईल तितक्याच हक्कानं साडूंच्या दारातही जाऊ शकतो. करार कायद्याच्या कलम १२८प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडून घ्या, मग माझ्याकडे या' असं साडूंना म्हणता येणार नाही. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण (वरच्या अधिकाऱ्यांकडून फेरतपासणीचा) अर्ज करायचा तर वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. म्हणून जे काही म्हणायचं ते दाखला निघण्याआधी, सुनावणीतच म्हटलं पाहिजे. गैरहजर राहिलात तर एकतर्फी दाखला निघेल.

नोटिशीवरची तारीख आजच पाहा. उलटून गेली असेल तरी निबंधक कार्यालयात जाऊन प्रकरण कुठवर आलंय ते विचारा. पतसंस्थेकडे कर्जाचा पूर्ण खातेउतारा लेखी मागा आणि तो ओळीनं वाचा. दंडव्याज कधीपासून लावलं, विमा किंवा शेअर्सच्या नावानं काय कापलं, तुम्ही भरलेला प्रत्येक हप्ता जमा दिसतो का, हे तपासा. फरक दिसला तर तो सुनावणीत लेखी मांडा. त्याच दिवशी हप्ते बांधून देण्याचा अर्ज द्या, आणि जमेल तेवढी रक्कम भरून पावती जोडा. पाच हजार भरून हजर झालेला कर्जदार आणि तोंड चुकवणारा कर्जदार यांच्याकडे अधिकारी एका नजरेनं पाहत नाहीत. संस्थेत सामोपचार, म्हणजे तडजोडीनं, परतफेड योजना चालू आहे का, हेही विचारा. कर्ज घेताना पगारातून कपातीचं संमतिपत्र दिलं असेल, तर कलम ४९खाली कंपनीला थेट कपातीचं पत्र जाऊ शकतं, तेही ध्यानात ठेवा. आणि साडूंना हे सगळं तुमच्या तोंडून कळू द्या. नोटीस त्यांच्याही नावानं निघालेली असणार. त्यांना भरावं लागलं तर तेवढी रक्कम तुमच्याकडून वसूल करण्याचा हक्क त्यांना कायद्यानंच मिळतो, पण नात्याची भरपाई कुठलं कलम करून देत नाही.

आता अटकेचं. कर्ज फेडता न येणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. दिवाणी हुकूमनाम्याच्या, म्हणजे कोर्टानं पैसे द्या म्हणून दिलेल्या निकालाच्या, वसुलीसाठीसुद्धा, ऐपत असून जो लबाडीनं देत नाही त्यालाच दिवाणी कैदेत टाकता येतं. गरिबी हे तुरुंगाचं कारण होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८०मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केलंय. ॲपवाल्याला वॉरंट काढता येत नाही. पोलिसांचं बोधचिन्ह लावून तसा कागद पाठवणं हाच गुन्हा आहे.

धोका आहे तो दुसऱ्या बाजूनं. चेक परतला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ लागतं. खात्यात पैसे नसल्यानं हप्त्याचा ऑटो डेबिट परतला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट, २००७चं कलम २५ लागतं. दोन्हीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्याआधी नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस मिळतात. या नोटिशीला उत्तर दिल्याशिवाय राहू नका. नंतर कोर्टाचं समन्स आलं तर तारखेला हजर राहा. या खटल्यांत माणसं अडकतात ती बहुधा तारखा चुकवल्यामुळे. आधी जामीनपात्र वॉरंट निघतं, मग अजामीनपात्र. तडजोडीनं खटला मिटवण्याची मुभा मात्र शेवटपर्यंत असते.

म्हणून बँकेचं पर्सनल लोन दुसऱ्या क्रमांकावर. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं अनुत्पादक ठरतं आणि बँकेची भाषा बदलते. तुमचे दोनच हप्ते थकलेत, तोवर शाखेत जा. पगाराची स्लिप आणि वडिलांच्या ऑपरेशनचे कागद जोडून, मुदत वाढवून हप्ता ५,००० च्या आसपास आणावा, असा लेखी अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, नुसत्या तोंडी बोलण्याला अर्थ नाही. पगार याच बँकेत जमा होत असेल तर खात्यावर होल्ड लावून रक्कम वळती केली जाण्याची शक्यता असते. तेव्हा पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत करून घ्या. मात्र ऑटो डेबिटच्या तारखेला जुन्या खात्यात ठरलेला हप्ता टाकायची शिस्त मोडू नका.

क्रेडिट कार्डाचा आकडा मोठा असला तरी ते कर्ज विनातारण आहे. मिनिमम ड्यू भरत राहणं थांबवा, त्यातलं बहुतेक व्याजातच जातं. कार्ड वापरणं बंद करा आणि थकबाकी हप्त्यांत बदलून मागा. ते जमलं नाही तर तडजोडीची बोलणी करा. अडचणीतल्या कर्जदारांशी बँकांना तडजोड करता यावी यासाठी रिझर्व्ह बँकेनं ८ जून २०२३ रोजी रीतसर चौकट घालून दिलीय. तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर हवं. त्यात रक्कम, तारीख आणि 'पूर्ण व अंतिम' हे शब्द हवेत. एजंटाच्या खात्यावर किंवा त्याच्या क्यूआर कोडवर एक रुपयाही टाकायचा नाही. सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शेरा पडेल आणि पुढची काही वर्षं कर्ज मिळायला अडचण येईल. तुमच्या आजच्या स्थितीत नवं कर्ज न मिळणं मला तरी वाईट वाटत नाही.

कार्डवाल्यांनी दावा लावून हुकूमनामा मिळवला तरी पगार सगळा जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०प्रमाणे पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. ३१,०००वर हिशेब केला तर जप्तीत साधारण १०,००० जाऊ शकतात, तेही एका हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिनेच. प्रॉव्हिडंट फंडाला हात लावता येत नाही. याच कलमात घरातली स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माचारानुसार बाईनं अंगावरून उतरवू नयेत असे दागिने जप्तीतून वगळलेत. मंगळसूत्र त्यातच येतं. बायकोचं बाकीचं सोनं तिचं स्त्रीधन आहे. ती सहकर्जदार नाही, तेव्हा तुमच्या देणेकऱ्यांचा त्यावर हक्क नाही. ते ॲपवाल्यांसाठी तर अजिबात मोडू नका. साडूंवरचं संकट टाळायला तिनं आपणहून एखादा दागिना दिला तर तो तिचा निर्णय. तुम्ही मागू नका.

सावकाराचं प्रकरण मला सगळ्यात जास्त सलतं. वीस महिन्यांत तुम्ही ६०,००० व्याज दिलंत, म्हणजे मुद्दलाएवढं, आणि मुद्दल जागच्या जागी आहे. परवानाधारक सावकारालाही बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपुढे जाता येत नाही. त्या दरानं वीस महिन्यांचे १८,००० झाले असते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४प्रमाणे, कर्ज दिलं तेव्हा परवाना नसलेल्या सावकाराला कोर्टातून हुकूमनामा मिळत नाही. बिनपरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,०००पर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे, साध्या कागदावर करता येते. पैसे ऑनलाइन दिले असतील तर ते व्यवहार जोडा. रोख दिले असतील तर तारखा आठवून लिहा, साक्षीदार असतील तर त्यांची नावं द्या. चेकचे नंबर तक्रारीत नमूद करा. तो ते चेक भरून बँकेत टाकेल, हे धरूनच चाला. कोरा चेक सही करून दिला तरी तो देण्यापोटीच दिला असं गृहीत धरलं जातं आणि ते खोडून काढायची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून तक्रार आधी, चेकची नोटीस नंतर, असा क्रम राहिला तर तुमचा बचाव भक्कम होतो.

ॲपवाल्यांबद्दल थोडक्यात. ॲपमागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली कंपनी आहे का ते तपासा, बँकेनं आपल्या संकेतस्थळावर यादी ठेवलीय. नोंदणी असेल तर मुद्दल आणि करारातलं व्याज देणं लागतं, ते सवडीनं मिटवा. पण अशा ॲपला तुमच्या फोनमधली संपर्कयादी वाचायची परवानगीच नाही. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांना त्रास देता येत नाही. मेहुण्यांना आलेल्या फोनच्या वेळा, रेकॉर्डिंग, ते बनावट वॉरंट असं सगळं जपून ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथं फी लागत नाही. बनावट वॉरंटसाठी थांबायची गरज नाही. सायबर हेल्पलाइन १९३० वर आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या, भारतीय न्याय संहितेची कलमं २०४ आणि ३५१ तिथं लागू पडतात.

१५ टक्के आगाऊ मागणाऱ्याला नकार द्या. तो जे करीन म्हणतो ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तुम्हाला मोफत मिळतं. उत्पन्नाच्या अटीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७च्या कलम १२मध्ये औद्योगिक कामगार ही स्वतंत्र वर्गवारी आहे आणि तुम्ही तिच्यात बसता. कारखान्याचं ओळखपत्र आणि पगाराची स्लिप न्या. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय आहे, फोनवर विचारायचं तर १५१००. बँक आणि कार्ड, दोन्ही प्रकरणं दावा लागण्याआधीच लोकअदालतीत ठेवा, असा अर्ज तिथंच करा. एक मात्र सांभाळा. लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नाही, तो हुकूमनाम्यासारखा बजावला जातो. समोरच्यानं गळ घातली म्हणून ८,०००च्या हप्त्याला मान डोलावू नका.

दिवाळखोरीचा अर्ज, म्हणजे १९२०च्या प्रांतिक नादारी कायद्याखालची वाट, अजून उघडी आहे. २०१६च्या नव्या नादारी व दिवाळखोरी संहितेतला सामान्य माणसांसाठीचा भाग अद्याप लागू झालेला नाही. पण चालू पगार असलेल्या तुमच्यासारख्यानं ती वाट शेवटी ठेवावी.

घरखर्च काढून महिन्याला १२,००० उरतात असं धरलं, तर ५,५०० पतसंस्थेला, हप्ता कमी करून मिळाला तर ५,००० बँकेला आणि उरलेले १,५०० कार्ड-ॲपच्या तडजोडीसाठी बाजूला. बँकेचं उत्तर येईपर्यंत पतसंस्थेचे ५,५०० मोडू नका. विधी सेवा कार्यालयात जाताना १०१ची नोटीस, दोन्ही कर्जांचे करार, कार्डाची गेल्या सहा महिन्यांची स्टेटमेंट आणि सावकाराला दिलेल्या पैशांची तारखांसह यादी सोबत असू द्या. पतसंस्थेच्या सुनावणीची तारीख आठवड्याच्या आत असेल तर कुणाच्याही उत्तराची वाट पाहू नका. सरळ सुनावणीला जा आणि वकील नेमून मिळेपर्यंत मुदत मागणारा अर्ज स्वतःच्या सहीनं द्या.