केक भाजतात की करतात?

वेंगुर्ल्याहून एका ताईंचा प्रश्न आलाय. त्या घरच्या घरी केक, बिस्किटं, नानकटाई करून ओळखीपाळखीत विकतात. पाकिटावरचा मजकूर मराठीतच हवा म्हणून त्यांनी लिहिलं, ‘घरी भाजलेला केक’. नणंदेने वाचलं आणि विचारलं, “वहिनी, कुठे कुठे भाजलाय? बर्नॉल लावलंत का?” पुढे सगळी मंडळी मालवणला मासे खायला गेली. तिथल्या फळ्यावर ‘भाजलेलं पापलेट’ दिसलं. निखाऱ्यावरचं असणार म्हणून हौसेने मागवलं, तर वर चीज पसरून ओव्हनमधून काढलेलं समोर आलं. ताईंचं म्हणणं असं की माझा केक ‘भाजलेला’ म्हटला तर हसू येतं, मग त्यांचं पापलेट भाजलेलं कसं? आणि ‘बेक करणे’ला मराठीत शब्द आहे की नाही?

आहे, आणि तो भाजणे हाच आहे.

मूळ संस्कृत ‘भ्रस्ज्’ धातू, त्यावरून भर्जन, त्यावरून आपलं भाजणं. कोकणात या एका क्रियापदाला किती कामं आहेत बघा. रवा आणि पोहे कढईत भाजतात, वांगं जाळावर भाजतात, फणसाच्या आठळ्या गरम राखेत पुरून भाजतात. काजूच्या बिया तर थेट विस्तवात टाकतात. टरफलातलं तेल फुर्र करून पेट घेतं, म्हणून पोरांना लांब उभं करतात. पावसाळ्यात, १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद झाली की फळीवरचा सुका बांगडा खाली उतरतो आणि आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, भाजून पेजेबरोबर खाल्ला जातो. शेतात पेरणीआधी राब (पालापाचोळा, फांद्या) जाळून तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जमीन तयार करतात, तिला भाजावळ म्हणतात. आणि विटा, कौलं, मडकी? तीही भट्टीत भाजतातच.

यात समान काय? कोरडी आच. पाणी नाही, तेल नाही. तूप असलंच तर रव्याला लागेल तेवढं. आच खालून आली काय, वरून आली काय किंवा चारी बाजूंनी कोंडली काय, भाजण्याला फरक पडत नाही. ओव्हन म्हणजे कोंडलेली कोरडी आच. वीटभट्टीत वीट भाजते, तर १८० अंशांच्या डब्यात बिस्कीट का भाजू नये?

ते भाजतंच, आणि आपण तसं म्हणतही आलोय. घराघरात ओव्हन नव्हते तेव्हा दिवाळीच्या आधी तूप, पिठीसाखर, मैदा घेऊन बाया बेकरीत जायच्या. पत्र्यांवर गोळे मांडून द्यायचे, आपला नंबर कधी लागतो त्याची वाट बघायची आणि गरम नानकटाईचा डबा फडक्यात गुंडाळून घरी न्यायचा. शेजारणीला सांगताना वाक्य ठरलेलं, “बिस्किटं भाजून आणली.” ‘बेक करून आणली’ असं कुणी म्हणत नसे. गोव्याकडेही हेच. पाव हा शब्द पोर्तुगीज ‘पांव’वरून आला (पायाने मळतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती मजेदार आहे, पण खोटी), पाववाला पोदेर झाला, भट्टीला फोर्न म्हणू लागले. माल, माणूस आणि यंत्र यांची नावं बाहेरून आली, पण क्रियापद मात्र भाजण्याचंच राहिलं.

कोंडलेल्या आचेचं रांधणंही आपल्याकडे नवं नाही. धोंडस घ्या. जून तवसं (मोठी काकडी) किसायचं, त्यात तांदळाचा रवा, गूळ आणि ओलं खोबरं घालायचं, जाड बुडाच्या भांड्यात ओतायचं. खाली मंद आच आणि वर झाकणावर निखारे. तासाभराने वरचा थर तांबूस होतो, कडा सुटतात, सुरी खुपसली तर कोरडी निघते. केकची परीक्षा याहून वेगळी काय असते? रायगडातली पोपटी तर आणखी पुढची. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा भरून ते पालथं घालायचं आणि बाहेरून जाळ करायचा. तिथे मात्र क्रियापद बदलतं, पोपटी ‘लावतात’. भात लावतात, कुकर लावतात, तशी. एकदा लावली की उघडून बघायची सोय नाही, म्हणून असेल.

आता नणंदबाई का हसल्या? सोपं उत्तर असं की अंगाला लावलं की भाजणे म्हणजे इजा: हात भाजला, गरम चहाने जीभ भाजली. पण “भाकरी भाजली का?” या प्रश्नाला कुणी हसत नाही, अन्नाच्या बाबतीत इजेला करपणे, जळणे, लागणे असे वेगळे शब्द आहेतच. खरं कारण मला ‘भाजलेला’ या विशेषणात दिसतं. असं विशेषण आपण तेव्हाच लावतो, जेव्हा त्याच पदार्थाचा दुसरा प्रकार समोर असतो. भाजलेला पापड म्हणतो, कारण तळलेलाही असतो. भाजलेले शेंगदाणे, कारण कच्चेही मिळतात. उकडीचे मोदक, कारण तळणीचे असतात. पण ‘वाफवलेली इडली’ किंवा ‘भाजलेली भाकरी’ कुणी म्हणत नाही. इडली दुसरी कशी असणार? केकचं तेच. ‘भाजलेला केक’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात न भाजलेल्या केकची शोधाशोध सुरू होते, आणि तो सापडत नाही म्हणून मग बर्नॉल आठवतं.

पापलेटाचं उलट आहे. ते तळतात, भाजतात, भरतात, कालवणात सोडतात. तेव्हा फळ्यावर विशेषण हवंच. ‘भाजलेलं’ हे व्याकरणाने बरोबर, पण गिऱ्हाइकाला अपुरं. किनाऱ्यावरच्या माणसाला मासा आणि भाजणे एकत्र ऐकलं की आर आठवतो, ओव्हन नाही. मालकांनी फसवलं असं मी म्हणणार नाही, त्यांनी निम्मंच सांगितलं.

उरलेलं निम्मं मराठी क्रियापदातून सांगत नाही, जागेवरून सांगते. ‘चुलीवरचं जेवण’ ही पाटी मुंबई-गोवा रस्त्यावर जागोजागी दिसते. तिच्यात क्रियापदच नाही आणि तरी जीभ बरोबर समजते. तव्यावरची सुरमई, निखाऱ्यावरचा बांगडा, केळीच्या पानातलं पापलेट, भट्टीतला पाव. ‘-वरचा’ आणि ‘-तला’ एवढ्या दोन प्रत्ययांत खाणाऱ्याला हवं ते सगळं कळतं. तळणेसुद्धा आपल्याकडे असंच ऐसपैस आहे. भजी कढईभर तेलात तळतात आणि रवा लावलेली तुकडी तव्यावर दोन चमचे तेलात, तीही तळतातच. इंग्रजीत त्याला दोन नावं आहेत म्हणून आपण दोन क्रियापदं घडवायची गरज नाही. ‘बेकणे’ असं एक रूप अधूनमधून वाचनात येतं. चालवायचं तर चालवा. मला ते वाचताना बेचा पाढा ऐकू येतो.

शेकणे चालेल का, असंही ताईंनी जाता जाता विचारलंय. नको. शेकण्यात आच आणि वस्तू यांच्यात अंतर असतं आणि आच एका बाजूनेच लागते. तव्यावरून काढलेली तांदळाची भाकरी चुलीच्या तोंडाशी आरासमोर उभी करतात आणि ती टम्म फुगते, ते शेकणं. थंडीत अंग शेकतो, तेही तसंच.

तेव्हा ताई, कृती लिहून देताना ‘ओव्हन तापवून घ्या आणि पस्तीस मिनिटं भाजा’ असं बिनदिक्कत लिहा. ‘प्रीहीट’ची गरज नाही, तवा तापवतो तसाच ओव्हन तापतो. बोलताना केक ‘करा’, बिस्किटं ‘भाजा’. पाकिटावर मात्र ‘भाजलेला’ काढून टाका आणि तिथे ‘घरचा केक’ एवढंच ठेवा. नानकटाईच्या पाकिटावर ‘साजूक तुपातली’ लिहा, गिऱ्हाईक ते आधी वाचतं.