तोच गायक, तोच राग, पण माइकशिवाय वेगळा का वाटतो?

प्रश्न: गेल्या महिन्यात एका ओळखीच्यांकडे बैठकीला गेलो, जेमतेम तीसेक माणसं, माइक नाही काही नाही. तोच गायक मी मांडवात दोनदा ऐकलाय, पण इथे तंबोरा असा काही घुमला की विचारू नका. बायको म्हणते तुमच्या मनाचे खेळ आहेत. खरंच असं असतं का?

उत्तर: वहिनींना सांगा, कान शाबूत आहेत तुमचे. तंबोऱ्याची सगळी गंमत जवारीत, म्हणजे घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारेखाली सुताचा दोरा मागेपुढे सरकवून जो झणकारा मिळवतात ना, त्यात. तो घरात भोपळ्यातून, दांडीतून, भिंतींवरून असा चहूकडून येतो. मांडवात माइक ऐकतो एकाच जागेवरून, आणि साउंडवाला तंबोरा फार वर नेत नाही, कारण नेला की शिट्टी वाजायला लागते. उलट तबल्याच्या जोडीतला डग्गा एवढा फुगवतात की पोटात गुरगुरतं (हे मला अजिबात आवडत नाही). गळ्याचंही तेच, बरेचसे माइक तोंडाजवळ धरले की खर्ज आपोआप जाड करतात, त्यामुळे विसाव्या रांगेत बसून तुम्ही गायकाच्या ओठापासून चार बोटांवरचा आवाज ऐकता, जो बैठकीत कुणीच ऐकत नाही.

पण माइकला नुसत्या शिव्या नकोत हां. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबल पडतो, हजारो माणसं बसवायची तर दुसरं करणार काय? माइक नव्हते तेव्हा नाटकवाले शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला काळी चार, काळी पाच अशा उंच पट्ट्या लावायचे, मंद्रातलं, म्हणजे खालच्या सप्तकातलं हळुवार काम मागे बसलेल्याला कुठून ऐकू येणार, ते मोठ्या सभेत आणलं माइकनेच. मुंबईत एनसीपीएचं (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) टाटा थिएटर १९८० साली उघडलं, ते मात्र मुद्दाम माइकशिवाय ऐकू जावं अशा बेताने बांधलंय, तिथे तसा कार्यक्रम असेल तर वहिनींना घेऊन जाच.

आणि मांडवात जाल तेव्हा पुढची रांग सोडा, स्पीकरच्या तोंडाशी तर नकोच, साउंडवाल्याच्या टेबलाजवळ बसा. तो बिचारा तिथलं ऐकूनच सगळं लावत असतो.