बोलते ती, कॅमेरा मात्र सासूकडे

मागच्या महिन्यात आम्ही विचारलं होतं, मालिकेतली बाई आणि मालिकेतला पुरुष तुम्हाला कसे दिसतात आणि कसे ऐकू येतात. गोष्टीत त्यांचं काय होतं ते नाही, फक्त दिसणं आणि ऐकू येणं. पत्रं, मेसेज भरपूर आले, त्यातल्या काहींना इथे उत्तर देतेय. मी स्वतः काही वर्षं डेली सोपच्या एडिट रूममध्ये काम केलंय, त्यामुळे बरंचसं तिथलंच सांगणार आहे.

ताई, मी मासकॉमला आहे. घरी रोज संध्याकाळी मालिका चालू असतात. हिरॉइन नोकरी करते, नवऱ्याला सुनावते, डायलॉग तर एकदम भारी असतात, तरी सीन संपला की ती मला बिचारीच वाटते. माझं काही चुकतंय का? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

अजिबात चुकत नाहीये तुझं. उलट तू जे पकडलंयस ते आमच्या धंद्यातल्या अनेकांना दहा वर्षं काम करूनही दिसत नाही. डायलॉग लेखक लिहितो, पण सीन कोणाचा आहे ते कट ठरवतो, म्हणजे एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर कधी जायचं ते.

एक सीन सांगते, मीच कापलेला. जेवणाचं टेबल, सगळं घर बसलंय, सून वाढता वाढता थांबते आणि म्हणते, उद्यापासून मी कामावर जाणार आहे. ती नटी वाक्य बोलून झाल्यावर नुसती उभी राहिली होती, एक मोठा श्वास घेतला होता तिने आणि मग हातातली आमटीची वाटी शांतपणे खाली ठेवली होती. मी पहिल्यांदा सीन जोडला तेव्हा तिच्यावरच थांबले, चारेक सेकंद. टीव्हीवर चार सेकंद म्हणजे खूप होतात. वरून नोट आली की रिअ‍ॅक्शन टाका. मग सासूचा क्लोज, म्हणजे नुसता चेहरा, जावेचा क्लोज, दिराचा, नवऱ्याचा, प्रत्येकावर संगीताचा एक ठोका, आणि शेवटी परत सासू. श्वास गेला, वाटी गेली. तिच्या तोंडचा एक शब्दसुद्धा बदलला नव्हता, पण आधी तो सीन तिने काय ठरवलं याचा होता आणि आता तो घरावर काय कोसळलं याचा झाला. मी भांडले, उपयोग झाला नाही, दुसऱ्या दिवशीचा एपिसोड द्यायचा होता. ते मला अजून लागतं.

दुसरी गोष्ट, बघतंय कोण. एखादं पात्र आधी काहीतरी बघताना दाखवायचं आणि मग ते जे बघतंय ते दाखवायचं, एवढं केलं की आपण आपोआप त्या पात्राच्या डोळ्यांमागे जाऊन बसतो. आता आठवून बघ, हिरॉइनला असं बघायला किती वेळा मिळतं? ती दारात उभी असते, सगळे तिच्याकडे बघतात. लॉरा मल्व्ही नावाच्या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९७५ साली जुन्या हॉलिवूड सिनेमाबद्दल हेच मांडलं होतं की पडद्यावर पुरुष बघतो आणि बाई बघितली जाते, आणि कॅमेरा पुरुषाच्या नजरेला बांधलेला असतो. आपल्या मालिकेत मला थोडं वेगळं दिसतं. इथे बघणारा एकटा पुरुष नसतो, अख्खं घर बघत असतं आणि त्यात बायकाच जास्त असतात. पण बघितली जाते ती सूनच.

आणि जिना! बंगल्याच्या सेटवर हॉलच्या मधोमध जिना असतो तो उगाच नसतो. नवरा वरून उतरतो, बायको खाली ट्रे घेऊन उभी, कॅमेरा तिच्या बाजूने वर बघतो आणि त्याच्या बाजूने खाली बघतो. कोणी काही बोलायच्या आधीच कोण मोठं आणि कोण छोटं हे ठरून गेलेलं असतं.

तुला एक करता येईल. आपल्याकडे डिसेंबर २०१९ ला 'आई कुठे काय करते' सुरू झाली, ती मूळ बंगाली 'श्रीमोयी'वरून, आणि त्याच गोष्टीवर २०२० मध्ये हिंदीत 'अनुपमा' आली. घरासाठी राबलेली बाई, नवऱ्याचं बाहेर प्रकरण, मग तिचं स्वतःचं उभं राहणं, गोष्ट एकच. तर तिन्हीतले सारखे सीन शोध, आवाज बंद कर, आणि कागदावर फक्त एवढंच लिही की तिच्या महत्त्वाच्या वाक्यानंतर पहिला कट कोणावर गेला आणि सीनची शेवटची फ्रेम कोणाची. डायलॉगचा आधार काढून घेतला की काय उरतं ते बघ. प्रोजेक्ट केलास तर मला नक्की पाठव, मला खरंच वाचायचंय.

आमचे हे माझी चेष्टा करतात की तुमच्या मालिकेत एकच चेहरा तीनदा दाखवतात आणि धन धन धन वाजतं. मला राग येतो पण उत्तर देता येत नाही. असं का करतात? (एक गृहिणी, कोल्हापूर)

तुमच्या मिस्टरांना एक विचारा, मालिका लागते तेव्हा तुम्ही कुठे असता? भाकरी थापत असता, कुकर लावत असता, मुलांचं बघत असता. मालिका बऱ्याच बायका आधी ऐकतात आणि मग बघतात. ते धन धन वाजतं ना, ते स्वयंपाकघरात हाक मारायला वाजतं, की लवकर बाहेर या, काहीतरी झालंय.

याचं मूळ रेडिओत आहे. १९३० च्या सुमाराला अमेरिकेत रेडिओवर दुपारच्या वेळी गृहिणींसाठी रोजच्या श्रुतिका सुरू झाल्या, शिकागोच्या डब्ल्यूजीएन स्टेशनवर अर्ना फिलिप्स नावाच्या बाईंनी लिहिलेली मालिका त्यातली अगदी सुरुवातीची. पुढे साबण बनवणाऱ्या कंपन्या अशा कार्यक्रमांना पैसे द्यायला लागल्या म्हणून सोप ऑपेरा हे नाव पडलं. तेव्हा चित्र नव्हतंच, घरकाम करणाऱ्या बाईला नुसत्या आवाजावर धरून ठेवायचं होतं, म्हणून मोक्याच्या जागी ऑर्गन वाजायचा. आपलं धन धन त्या ऑर्गनचंच नातलग आहे. चेहरा पुन्हा पुन्हा दाखवण्याचंही तेच, हातातलं काम टाकून बाहेर येईपर्यंत तो तिथे असायला हवा. शिवाय रोज वीस-बावीस मिनिटांचा एपिसोड द्यायचा म्हटल्यावर तेवढा वेळ भरायचाही असतो, हेही खरं आहे, लपवत नाही.

पण आवाजाबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती गंभीर आहे. हिरॉइन फ्रेममध्ये येण्याआधी तिच्या बांगड्या येतात, पैंजण येतात. यातले बरेच आवाज नंतर साऊंडच्या टेबलावर वाढवलेले असतात. नवरा येतो तेव्हा गाडीचा आवाज, बुटांचा आवाज, दार. म्हणजे पुरुष काय करतोय ते ऐकू येतं आणि बाईने काय घातलंय ते ऐकू येतं. मी एकदा साऊंडवाल्या दादाला विचारलं की ही तर ऑफिसात बसून टायपिंग करतेय, की-बोर्डचा आवाज का नाही, बांगड्याच का? तो म्हणाला मॅडम, कोणी असं सांगितलंच नाही कधी. चांगला माणूस होता, लगेच टाकला त्याने की-बोर्ड, आणि खरं सांगते, नुसत्या त्या टकटकीने ती बाई कामात असलेली वाटायला लागली.

मनातल्या बोलण्याचंही तसंच. बाईचे ओठ बंद असतात, आवाज घुमवून ऐकू येतो, अरे देवा आता यांना कळलं तर काय होईल. हे सगळ्यात जास्त हिरॉइनच्या वाट्याला, आणि मनातसुद्धा ती बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचाच विचार करत असते. इतका वेळ तिच्या मनात शिरायला मिळतोय तर तिथे तिचं स्वतःचं काहीतरी असू द्या ना.

व्हिलन बाई इतकी का आवडते? हिरॉइनपेक्षा मला तिचीच वाट बघावीशी वाटते. (एक वाचक, बेळगाव)

कारण कॅमेरा तिला माणसासारखं वागवतो, म्हणून. ती स्वतःच्या मर्जीने फ्रेममध्ये येते आणि स्वतःच्या मर्जीने जाते. दाराआडून ती बघते आणि तिला जे दिसतं ते आपल्यालाही दिसतं, म्हणजे वर मी जे म्हटलं, डोळ्यांमागे जाऊन बसणं, ते आपण हिरॉइनच्या नाही तर हिच्या मागे बसून करत असतो. तिला स्वतःचं संगीतही असतं. २००१ साली स्टार प्लसवर 'कसौटी जिंदगी की' सुरू झाली, त्यात उर्वशी ढोलकियांची कोमोलिका आली की मागे 'निका' असा तिचा ठरलेला सूर वाजायचा, ज्यांनी ती मालिका बघितलीय त्यांना आजही नुसत्या सुरावर तो चेहरा दिसेल. हिरॉइनची धून बहुतेक वेळा दुःखाची नाहीतर लग्नाची. मला वाईट याचं वाटतं की बघणारी, ठरवणारी, हवं ते मागणारी बाई दाखवायची सगळी साधनं आपल्याकडे आहेत, उत्तम वापरताही येतात, आणि ती आपण वाईट बाईसाठी राखून ठेवलीयेत. तीच लेन्स, तोच अँगल सुनेला देऊन बघा एकदा.

सगळं बायकांबद्दलच का? आम्हा पुरुषांना मालिकेत रडता पण येत नाही. (एक वाचक, पुणे)

पटलं मला हे. रडतात तसे पुरुष, पण कुठे ते बघा. खिडकीपाशी पाठमोरा, दिवा बंद, कॅमेरा लांब, आणि चेहरा वळायच्या आत कट. बाई रडते तेव्हा चेहऱ्यावर पूर्ण लाइट, डोळ्यातला थेंब गालावरून हनुवटीपर्यंत येईस्तोवर क्लोज धरून ठेवतात. तिचं रडणं सगळ्यांनी बघायचं आणि त्याचं कोणीच नाही. दोन्हीकडे अन्यायच आहे. मालिका बघत वाढणाऱ्या मुलाने बापाला समोरून रडताना कधी बघितलंच नाही तर तो काय शिकणार?

दूरदर्शनच्या काळात बायका जास्त चांगल्या दाखवायचे का? माझी आई तसं म्हणते. (एक वाचक, ठाणे)

आईंचं बरंचसं बरोबर आहे, पण मला वाटतं त्यात जागेचाही भाग आहे. १९८५ ची 'रजनी' आठवा, प्रिया तेंडुलकर गॅस एजन्सीत जाऊन भांडतात. मराठी मालिका 'दामिनी'त प्रतीक्षा लोणकर पत्रकार, म्हणजे तिला बाहेर पडणं भागच. बाई रस्त्यावर, काउंटरसमोर, ऑफिसात असली की कॅमेऱ्याला तिच्याबरोबर चालावं लागतं. हॉलमध्ये उभी केली की कॅमेरा तिच्याभोवती फिरायला लागतो. आणि १९८९ ला 'उडान' आली, कविता चौधरींनी लिहिलेली, दिग्दर्शित केलेली, मुख्य भूमिकाही त्यांचीच, स्वतःच्या आयपीएस बहिणीच्या, कांचन चौधरींच्या आयुष्यावरून. कॅमेरा कुठे ठेवायचा हे जिने ठरवलं तीच समोर उभी होती. तरी त्या काळातलं सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही, तेव्हाही सोसणाऱ्या आया खूप होत्या.

ताई, नाव छापू नका. मालिकेत नवरा बायकोला थोबाडीत मारतो तेव्हा तीच थोबाडीत तीनदा दाखवतात. माझ्या घरी हे होऊन गेलंय. तो सीन आला की मी उठून आत जाते पण आवाज आतपर्यंत येतो. कोणाला काही सांगता येतं का हो? (एक वाचक, अकोला)

तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल आधी तुमचे आभार. हो, सांगता येतं. चॅनेलला लिहिता येतं, चॅनेलवर तक्रारीचा पत्ता पट्टीत येतो तिथे पाठवता येतं, आणि जे तुम्ही मला लिहिलंय तेच लिहा, आवाज आतपर्यंत येतो हे वाक्य तसंच.

हे कसं बनवतात ते सांगते म्हणजे तुम्हाला कशावर बोट ठेवायचं ते कळेल. सेटवर हात गालाला लागत नाही. तो आवाज नंतर टाकलेला असतो, खऱ्यापेक्षा कितीतरी मोठा. तीन अँगलने शूट करतात, तिन्ही वापरतात, स्लो करतात, केस उडतात, ती पडते, आणि मग आपण तिच्या चेहऱ्यावर थांबतो. हाताचा मालक तोपर्यंत फ्रेमबाहेर गेलेला असतो. तिचं काय झालं ते तीनदा बघितलं आणि त्याने काय केलं ते एकदाही नीट बघितलं नाही, असा तो कट असतो. मीही असे कट केलेत. दोन केलेत, तिसऱ्या वेळी नाही म्हटलं आणि तो एपिसोड दुसऱ्याने कापला.

आज तो सीन माझ्या हातात आला तर मी आवाज टाकणारच नाही. म्युझिक नाही, फक्त खोलीतला पंखा चालू. हात उचलला की कट त्याच्यावर, समोरून, पूर्ण उजेडात, आणि मग तिथेच थांबायचं, त्याला नजर चुकवायची असेल तर चुकवू दे, कॅमेरा हलवायचा नाही.