पहिले ख्रिस्ती ज्यू होते म्हणजे काय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नाताळच्या अंकात एक छोटा लेख छापला होता, त्यात एक वाक्य होतं की येशूचे पहिले अनुयायी सगळे ज्यू होते आणि आपण नवीन धर्म काढतोय असं त्यांना वाटतही नव्हतं. त्या एका वाक्यावर एवढे मेसेज आलेत की विचारू नका. त्यातले चार प्रश्न घेतोय.

जालन्याहून एक विद्यार्थी: सर मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. येशू ज्यू होता तर मग ख्रिश्चन धर्म नेमका कोणत्या साली चालू झाला? एकच साल सांगा.

एकच साल मागू नका दादा, ते नाहीच. येशू गालीलातला ज्यू, आठव्या दिवशी सुंता झालेला, शब्बाथाला (शनिवारच्या पवित्र सुट्टीला) सभास्थानात (ज्यूंच्या प्रार्थनास्थळी) जाणारा, वल्हांडणाच्या सणाला (मिसरच्या गुलामीतून सुटकेची आठवण) यरुशलेमला जाणारा. शिष्यही तसेच. त्याला क्रुसावर दिलं साधारण इ.स. ३० च्या आसपास, पंतय पिलात हा रोमन सुभेदार (इ.स. २६ ते ३६) असताना, आणि त्यानंतरही ही माणसं रोज मंदिरात जात होती असं नव्या करारातल्या (बायबलच्या ख्रिस्ती भागातल्या) 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातच लिहिलंय. मंदिर म्हणजे यरुशलेमचं ज्यूंचं मंदिर बरं का, चर्च नावाची बिल्डिंग तेव्हा कुठंच नव्हती.

बरं, येशूचा संदेश गावोगावी नेणारा पौल तरी? त्यालाच बरेच लोक धर्माचा खरा संस्थापक म्हणतात. तो स्वतःबद्दल लिहितो की मी बन्यामीनाच्या वंशातला, इब्र्यांचा इब्री (म्हणजे अस्सल ज्यू), नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी (नियम काटेकोर पाळणारा ज्यूंचा एक गट). त्याची पत्रं साधारण इ.स. ५० ते ६० मधली, नव्या करारातलं सगळ्यात जुनं लिखाण तेच, आणि त्यात 'ज्यू धर्म सोडा' असा विषयच नाही, भांडण आहे ते जे ग्रीक, सिरियन लोक येऊन मिळतायत त्यांची सुंता करायची का आणि त्यांच्यासोबत एका पंगतीला बसायचं का यावर. अंत्युखियात (तेव्हाच्या सिरियातलं शहर) येशूचा शिष्य पेत्र आधी त्यांच्यासोबत जेवत होता, यरुशलेमहून येशूचा भाऊ याकोब याची माणसं आली तसा हळूच बाजूला झाला, मग पौलानं सगळ्यांदेखत त्याला झापला. पौलाच्या गलतीकरांच्या पत्रात आहे. पंगतीवरून माणसं किती तुटतात हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको.

मग इ.स. ७० ला रोमन सैन्यानं मंदिर जाळलं, १३२ ते १३५ मधे बार कोखबा या ज्यू पुढाऱ्याचं रोमविरुद्ध बंड झालं आणि तेही चिरडलं, आणि मधल्या काळात रोमनं प्रत्येक ज्यूवर वर्षाला दोन द्राख्मांचा टॅक्स बसवला, आता टॅक्स आला की कोण कोणत्या यादीत हे ठरवावंच लागतं ना. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस लिहितो की येशूचं नाव घ्यायचं आणि राहायचं ज्यूंसारखं हे चालणार नाही. म्हणजे काही लोक तसं राहत होते! काही गावांत फाटाफूट लवकर झाली, काही ठिकाणी तीनशे वर्षं लागली. परीक्षेत चार ऑप्शन आले तर काय करायचं ते पेपर काढणाऱ्यालाच विचारा.

आंबाजोगाईहून एक निवृत्त शिक्षक: शुभवर्तमानं (नव्या करारातली येशूची चार चरित्रं) ही भक्तांनी लिहिलेली. भक्ताच्या लिखाणातून इतिहास कसा काय काढतात? असं असेल तर कोणत्याही पोथीतून काढता येईल.

काढता येतोच सर, आणि आपल्याकडं काढलाय. लीळाचरित्र बघा. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून आणि ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडून एकेक लीळा विचारून लिहून घेतल्या, पुढं मूळ पोथी धामधुमीत गेली आणि शिष्यांनी आठवणीतून परत मांडली असं परंपरा सांगते, म्हणून पाठ वेगवेगळे. लिहिणारे भक्तच होते, स्वामींना ईश्वर मानूनच लिहिलं, तरी यादवांच्या काळातला माणूस कसा बोलायचा, काय खायचा, कुणाला शिवायचा नाही हे बघायला आज अभ्यासक त्याच ग्रंथाकडं जातात. चमत्कार झाला की नाही यात ते पडत नाहीत. लिहिणाऱ्याला जे लपवता आलं नाही ते शोधतात.

शुभवर्तमानांचंही तेच. येशूनं योहान नावाच्या संदेष्ट्याकडून बाप्तिस्मा (पाण्यानं शुद्ध होण्याचा विधी) घेतला, आता बाप्तिस्मा म्हणजे पापांची क्षमा, आणि मोठा माणूस लहानाला देणार, मग प्रभूनं तो कसा घेतला? मार्क (साधारण इ.स. ७०) सरळ सांगून मोकळा होतो. मत्तय दहापंधरा वर्षांनंतर तीच गोष्ट लिहितो पण त्यात योहानच म्हणतो की अहो मीच तुमच्याकडून घ्यायला पाहिजे. चौथ्या शुभवर्तमानात (तेही योहानाच्याच नावाचं, पण तो योहान वेगळा) तर बाप्तिस्मा देणारा योहान साक्ष देतो पण बाप्तिस्मा दिल्याचं वाक्यच नाही. जी गोष्ट सांगणाऱ्यालाच अडचणीची ती त्यानं रचली असेल असं वाटत नाही, म्हणून बाप्तिस्मा झाला यावर जवळपास सगळे अभ्यासक एकमत आहेत. ही कसोटी सगळीकडं चालते असं मात्र नाही, आपल्याला जे अडचणीचं वाटतं ते त्यांना वाटत होतं का हा प्रश्न उरतोच आणि अलीकडं त्यावर बरीच टीका झालीय, मला ती पटते.

दुसरं म्हणजे बाहेरचे साक्षीदार. जोसेफस हा ज्यू इतिहासकार, इ.स. ३७ चा जन्म, ९३-९४ च्या सुमारास त्यानं ज्यूंचा मोठा इतिहास ग्रीकमधे लिहिला, त्यात 'ख्रिस्त म्हणवल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ याकोब' याला दगडमार करून मारल्याचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथात येशूवर दुसरा एक परिच्छेद आहे पण तो इतका भक्तिभावानं भरलाय की ज्यू माणूस असं लिहील कसा, म्हणून बहुतेक अभ्यासक म्हणतात की मूळ थोडं त्याचं आणि वरचा मसाला नंतर नकलणाऱ्या ख्रिस्ती लेखकांचा. मग जमिनीतलं. १९६१ ला कैसरियात पिलाताचं नाव कोरलेला दगड सापडला. १९६८ ला यरुशलेमजवळ यहोहानान नावाच्या, क्रुसावर दिलेल्या ज्यू माणसाच्या टाचेचं हाड सापडलं, त्यात लोखंडी खिळा तसाच अडकलेला. २००९ ला गालीलात मग्दल्याला पहिल्या शतकातलं सभास्थान निघालं, मधे एक कोरीव दगड, त्यावर मंदिरातला सात फांद्यांचा दिवा.

आणि मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुंडाळ्या. १९४७ पासून ११ गुहांमधून सुमारे नऊशे हस्तलिखितांचे तुकडे निघाले. यात येशूचा उल्लेख कुठंही नाही, व्हॉट्सअॅपवर काहीही फिरू द्या. त्यांचं महत्त्व वेगळं आहे. योहानाच्या शुभवर्तमानात उजेड विरुद्ध अंधार असं सारखं येतं, आधीचे बरेच अभ्यासक म्हणायचे की हे ग्रीक तत्त्वज्ञान, ज्यूंचं नव्हे. कुमरानच्या गुंडाळ्यांत बघतात तर 'प्रकाशाची मुलं' आणि 'अंधाराची मुलं' यांचं युद्धच मांडलेलं, तेही येशूच्या आधीच्या ज्यूंनी. मशीहाची (देव पाठवणार असलेल्या तारणाऱ्याची) वाट बघणं, पाण्यानं शुद्ध होणं, एकत्र जेवण, सगळं तिथं आहे. त्या काळचा ज्यू धर्म एकसुरी नव्हताच, परूशी, सदूकी, एसेनी असे गट होते, आणि त्यातलाच एक गट येशूवाल्यांचा.

उदगीरहून एक ताई: मी चर्चला जाते. परूशी म्हणजे ढोंगी असंच लहानपणापासून ऐकलंय, आणि आता ग्रुपवर 'ज्यूंनी येशूला मारलं' असे फॉरवर्ड येतात. हे इतिहासाला धरून आहे का?

नाही ताई. क्रूस ही रोमची शिक्षा, रोमच्या अधिकाऱ्यानं दिलेली, आणि वर लावलेली पाटी 'यहूद्यांचा (ज्यूंचा) राजा', म्हणजे आरोप राजद्रोहाचा. मुख्य याजक कयफा यात होता हे खरं असावं, पण मुख्य याजकाची नेमणूक तेव्हा रोमन सुभेदाराच्या हातात होती, तो काही सगळ्या ज्यूंचा आवाज नव्हता. चारही शुभवर्तमानं शेजारीशेजारी ठेवून वाचा, पिलात मार्कपेक्षा पुढच्यांमधे जास्त जास्त निर्दोष होत जातो आणि दोष गर्दीवर सरकतो. 'त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर' हे वाक्य फक्त मत्तयात आहे. आणि जोसेफसचा पिलात? तो इतका कडक की शोमरोनी (ज्यूंच्या शेजारचा एक समाज) लोकांची कत्तल केल्यावर त्याला ३६ साली परत बोलावलं. मंदिर पडल्यानंतर रोमच्या राज्यात राहून लिहिणाऱ्यांनी रोमला किती दोष द्यावा, विचार करा.

परूशांचं म्हणाल तर शब्बाथाला काय चालतं काय नाही हे वाद ते आपसातही घालायचे, हिल्लेल आणि शम्माय या दोन गुरूंच्या शाळा तर यासाठीच प्रसिद्ध. घरातलं भांडण होतं ते, पुढं ज्यांचं ते घरच नव्हतं त्यांनी वाचलं आणि शिवी झाली. जुन्या युरोपियन अभ्यासकांनीही तेच केलं, ज्यू धर्म म्हणजे कोरडे नियम पाळून पुण्य कमावणं असं चित्र रंगवलं, १९७७ मधे ई. पी. सँडर्स यांनी ज्यूंचेच ग्रंथ वाचून दाखवलं की देवानं ज्यूंशी करार आधीच केलेला, नियम पाळायचे ते त्यात राहण्यासाठी. तुमच्या ग्रुपवर एवढं टाका की १९६५ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंही सांगितलं की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर आणि आजच्या ज्यूंवर टाकता येत नाही.

परभणीहून एक वाचक: नाताळ ठरलेल्या तारखेला, मग ईस्टर दरवर्षी का हलतो?

कारण येशूला वल्हांडणाच्या सुमारास क्रुसावर दिलं, म्हणून ईस्टर (तो पुन्हा उठल्याचा सण) त्याला बांधलेला, आणि वल्हांडण चंद्रावर चालतो, ज्यूंच्या निसान महिन्याच्या पौर्णिमेला. आशिया मायनरमधले बरेच ख्रिस्ती दुसऱ्या शतकात ज्यूंच्याच दिवशी, १४ निसानला सण करायचे, वार कोणताही असो. ३२५ ला निकियाच्या परिषदेत ठरलं की सगळ्यांनी एकाच रविवारी करायचा आणि तारखेसाठी ज्यूंकडं बघायचं नाही. तेव्हापासून हिशोब वेगळा, म्हणून २०२४ ला ईस्टर ३१ मार्चला आणि वल्हांडण २२ एप्रिलच्या संध्याकाळी, कारण ज्यूंच्या पंचांगात अधिक महिना असतो (१९ वर्षांत ७) आणि त्या वर्षी तो आला होता.

ठराव झाला म्हणून लोकांनी ऐकलं असं समजू नका. त्याच चौथ्या शतकात लावदिकीयाच्या परिषदेला नियम करावा लागला की ख्रिस्ती माणसानं शनिवारी काम बंद ठेवायचं नाही आणि ज्यूंकडून बेखमीर (न फुगवलेली, वल्हांडणाची) भाकरी घ्यायची नाही. आणि ३८६-८७ ला अंत्युखियात योहान क्रिसोस्तम हा धर्मगुरू चर्चमधे उभा राहून आपल्याच लोकांवर ओरडतोय की तुम्ही ज्यूंच्या सणाला सभास्थानात जाता, त्यांच्यासोबत उपास करता, तिथं जाऊन शपथा घेता. प्रवचनं वाचवत नाहीत इतकी विषारी आहेत, पण त्यांच्यामुळंच कळतं की ज्यू आणि ख्रिस्ती शेजारी तेव्हाही एकमेकांच्या सणाला जात होते.