नांगराची साखळी: रंग नको, झीज पाहा

प्रश्न (भुसावळ): आमची ३२ फुटी शिडाची बोट कोकणात असते. पावसाळ्यासाठी ती किनाऱ्यावर ओढली आणि नांगराची ८ मिमीची ५० मीटर साखळी घरी आणली. नांगराकडचे काही मीटर तांबूस झालेत. पूर्ण बदलावी का?

उत्तर: रंगावरून ठरवू नका. दोन कड्या एकमेकींवर घासतात त्या आतल्या वाकात साखळी झिजते. साखळी सैल सोडून व्हर्नियर (जाडी मोजायचे मापक) तिथेच लावा. नांगराकडचे पंधरा मीटर बारकाईने मोजा, कारण वाळूत लोळतो तो भाग हाच. जाडी ७.२ मिमीच्या खाली, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त घटली असेल, तर तेवढी साखळी बाद. कड्या ताणल्यात का तेही पाहा. लांबलेली साखळी विंडलासच्या (नांगराची साखळी ओढणाऱ्या यंत्राच्या) खाचांतून उडते.

जाडी शाबूत असेल तर गोड्या पाण्याने मीठ धुवा, वाळवा आणि साखळी उलटी जोडा: बोटीकडचे टोक नांगराला. साखळीवरचा जस्ताचा थर सगळीकडूनच उडाला असेल तर पुन्हा हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून थर चढवणे) करून घ्या. कारखान्यात आधीच बजावा, की जस्त गरम असतानाच साखळी झटकायची. नाहीतर कड्या एकमेकींना चिकटतात. ब्रशने लावायचा जस्ताचा रंग इथे टिकत नाही.

पुढे कधी १० मिमीची साखळी घ्याल तेव्हा सांभाळा. डीआयएन ७६६ या जर्मन मानकात कडीची आतली लांबी २८ मिमी, आयएसओ ४५६५ या आंतरराष्ट्रीय मानकात ३०. दोन मिमीच्या या फरकाने साखळी विंडलासवर बसत नाही.

शॅकलकडे (नांगर साखळीला जोडणाऱ्या, पिनने बंद होणाऱ्या कडीकडे) मात्र दुर्लक्ष नको, पुष्कळदा साखळीच्या आधी तीच दगा देते. भारक्षमता कोरलेली, गॅल्व्हनाइज्ड आणि साखळीच्या कडीत मावेल तेवढी जाड घ्या. साखळी घरी आहे तोवरच बसवून बघा. पिन तारेने बांधा, नाहीतर हेलकाव्यांनी ती सुटते. स्टेनलेस शॅकल टाळा. खाऱ्या पाण्यात शेजारचे जस्त लवकर जाते. साखळीचे आतले टोक बोटीला नायलॉन दोराने बांधा. दोर डेकवर येईल इतका लांब हवा, म्हणजे अडचणीत सुरीने कापता येतो.

प्रश्न (धडगाव): सरदार सरोवराच्या फुगवट्यात नांगर बुडालेल्या झाडांत अडकतो. काय करावे?

उत्तर: नांगराच्या फाळाकडच्या डोळ्याला ८ मिमीचा वेगळा दोर बांधा, दुसऱ्या टोकाला तरंगता डबा. दोर खोलीपेक्षा चार-पाच मीटर जास्त ठेवा. पावसाळ्यात पाणी चढले की तोकडा दोर डबा बुडवतो, नाहीतर नांगरच उचलतो. अडकल्यावर इंजिनाच्या जोरावर साखळी ओढू नका, फाळ आणखी रुततो. साखळी ढिली सोडा, बोट डब्यापर्यंत न्या आणि हा दोर सरळ वर खेचा.