मूठ आधी, ट्रिगर नंतर
नवं दहा मीटरचं एअर पिस्तूल घेतलंस ना, मग ट्रिगर हलका करायची घाई करू नकोस. स्पर्धेत ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचं वजन न सुटता पेलावंच लागतं, नाहीतर तपासणीतच अडकशील.

मेहनत पिस्तुलाच्या लाकडी मुठीवर घे. नळी रिकामी आहे ना ते बघ, हवेचा सिलिंडर काढ, मूठ सोडव, मगच कानस लाव. तळव्याला पोकळी जाणवते तिथे लाकडाची पुट्टी भर, पातळ हातमोजा घालून नेहमीसारखं पकड, सुकल्यावर पॉलिश पेपर मार. थोडं थोडंच घास. माझी पहिली मूठ मी घाईतच घालवली. डोळे मिटून पिस्तूल उचल आणि मग डोळे उघड. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, सरळ दिसली की जमलं. मनगट मात्र मोकळंच राहू दे, तिथे आधार चालत नाही.